उंची कुठून मोजायची?

पुणं टोपोशीटच्या, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा दाखवणाऱ्या नकाशाच्या, एका कागदावर मावत नाही. १८ अंश ३० मिनिटांची अक्षांशरेषा स्वारगेट आणि पर्वती यांच्या मधून जाते. त्यामुळे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत शनिवारवाडा ४७ एफ/१४ या शीटवर पडतो आणि पर्वतीचं देऊळ ४७ एफ/१५ वर. पर्वती चढायची तर कागद बदलायचा.

आता हाच भाग विमानातून टिपायचा आहे असं धरू. जमिनीपासून ३०,००० फूट उंची आणि ३६ इंच फोकल लेंग्थची (लेन्सपासून फिल्मपर्यंतच्या अंतराची) लेन्स. ३६ इंच म्हणजे ३ फूट. ३०,००० ला ३ ने भागलं की प्रमाण आलं, १:१०,०००. दुसऱ्या महायुद्धापासून पुढे कितीतरी वर्षं वापरात असलेल्या एफ-५२ कॅमेऱ्याची निगेटिव्ह ८.५ बाय ७ इंचांची. तिच्या लांब बाजूत जमिनीवरचे साधारण २.१६ किलोमीटर बसतात. शनिवारवाड्यापासून सरळ रेषेत निघालं तर जेमतेम स्वारगेटपर्यंत. निगेटिव्हवरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, तेव्हा स्वारगेटला उभी असलेली एसटी एक मिलिमीटरच्या किंचित पुढे भरेल. भिंगाखाली तिचं टप दिसेल आणि सावलीवरून तिची उंचीही काढता येईल. गाडीची पाटी मात्र वाचता येणार नाही. हवाई टेहळणीबद्दलच्या बहुतेक गैरसमजांना एवढं गणित पुरतं.

लोहगावचे कॅनबेरा, म्हणजे हवाई दलाची जेट बॉम्बफेकी विमानं, पुण्याच्या जुन्या पिढीला चांगले ठाऊक आहेत. काडतूस फोडून सुरू होणारी त्यांची एव्हॉन इंजिनं आणि त्या वेळी उठणारा काळा धुराचा लोट बघितलेले लोक अजून भेटतात. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या दाबोळी धावपट्टीवर पहिला हल्ला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी केला. काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब पडले. तरीही त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उरलेल्या आणि घाईघाईनं बुजवलेल्या पट्टीवरून उडाली आणि कराचीला निसटली. हल्ल्यानंतरच्या छायाचित्रांत खड्डे मोजता येतात. खरा प्रश्न वेगळा असतो: दोन खड्ड्यांमधला सर्वांत लांब सलग तुकडा किती, आणि तेवढ्यात कोणतं विमान उडू शकतं? खड्डे मोजणाऱ्याला बॉम्बफेक समजते, तुकडा मोजणाऱ्याला विमानतळ समजतो.

पण ते बॉम्बफेकी कॅनबेरा. त्यांचंच एक भावंड आग्र्याला होतं, त्याच्याकडे ना तोफ ना बॉम्ब. भारतानं १९५७ मध्ये ज्या कॅनबेरांची मागणी नोंदवली, त्यात ५४ बॉम्बफेकी, ६ प्रशिक्षणाची आणि फक्त ८ छायाचित्रणाची विमानं होती. हा तिसरा प्रकार पीआर-५७. ही विमानं १०६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे गेली. लढाऊ स्क्वॉड्रनचा इतिहास पाडलेल्या विमानांच्या आकड्यांनी सांगता येतो. टेहळणी स्क्वॉड्रनचा सांगताना पंचाईत होते, कारण तिथे उत्तम उड्डाण म्हणजे ज्यात काहीच घडलं नाही ते. विमान गेलं, आलं, फिल्म धुतली. नोंदवहीत अशा दिवसाला एक ओळ मिळते, आणि इतिहासात बहुधा तीही नाही.

निःशस्त्र विमानानं उंचीवर आणि वेगावर भरवसा ठेवून शत्रूच्या डोक्यावर जायचं, ही कल्पना मुळात १९३९ ची. ब्रिटिश हवाई दलातला मॉरिस लाँगबॉटम नावाचा तरुण अधिकारी म्हणाला की स्पिटफायर या लढाऊ विमानातल्या तोफा, रेडिओ, जे जे काढता येईल ते काढा आणि त्या वजनाचं इंधन भरा. सिडनी कॉटन या खटपट्या ऑस्ट्रेलियन वैमानिकानं ते करून दाखवलं. उंचीवरच्या थंडीत कॅमेऱ्यांवर बाष्प धरतं, हा सगळ्यांचा छळवाद होता. कॉटननं कॅमेऱ्यांवरून गरम हवा खेळवली. या कामात पुढेही असलेच उपाय लागत राहिले. कागदावर अगदी साधे, पण नसले तर सगळी फेरी फुकट.

पूर्वेकडे आल्यावर अडचणी बदलल्या. कलकत्त्याच्या डमडमवरून १९४३ मध्ये ६८१ आणि ६८४ या ब्रिटिश टेहळणी स्क्वॉड्रन ब्रह्मदेशावर उडू लागल्या. ६८४ कडे मॉस्किटो विमान होतं: प्लायवूड आणि बाल्सा हे हलकं लाकूड यांचं, सरसानं चिकटवलेलं. ऊन, दमट हवा आणि पाऊस यांत लाकूड फुगतं-आकसतं. १९४४ च्या शेवटी भारतातल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेतच निकामी झाले. नोव्हेंबरमध्ये ती सगळी जमिनीवर बसवली गेली आणि तपासणी सुरू झाली. सांधे मुळातच नीट न बसवल्यामुळे राहिलेल्या फटी आणि वर इथली हवा, असं दुहेरी कारण निघालं. दोष एकट्या सरसाच्या माथी मारणं सोपं होतं. बसवणाऱ्याच्या हाताकडे उशिरा बोट गेलं.

पीआर-५७ धातूचं, दोन माणसांचं. मागे-पुढे बसणारे वैमानिक आणि नॅव्हिगेटर. लक्ष्य जवळ आलं की नॅव्हिगेटर आसन सोडून पुढे सरकायचा आणि विमानाच्या नाकात पालथा पडून काचेतून खालची रेघ धरायचा. कॅमेरे पोटात. त्यांत दोन जातींचे कॅमेरे लागतात आणि एकाचं काम दुसरा करू शकत नाही. मोजणीचा एफ-४९ हा ९ बाय ९ इंचांची निगेटिव्ह आणि ६ इंचांची लेन्स असलेला; तो खूप मोठा मुलूख एकदम घेतो. ३६ इंचवाला थोडी जागा घेतो, पण बारकावा देतो.

थोडी जागा तर थोडी, पण तीही एकदा घेऊन भागत नाही. प्रत्येक ठिकाण दोन सलग फ्रेममध्ये यायला हवं, कारण उंच-सखलपणा दोन डोळ्यांना दोन जागांवरून घेतलेली चित्रं दाखवली तरच कळतो. म्हणून पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवर ६० टक्के चढवायची. आता मांडणी करू. विमान जमिनीपासून १२,००० मीटरवर आहे, वेग ४५० नॉट, म्हणजे सेकंदाला २३१ मीटर. ३६ इंची लेन्सनं प्रमाण येतं सुमारे १:१३,१००. उड्डाणाच्या दिशेनं निगेटिव्हची ७ इंचांची बाजू धरली तर एका फ्रेममध्ये २.३३ किलोमीटर. ६० टक्के चढवायचं तर दर फ्रेममागे विमान ९३० मीटर पुढे गेलं पाहिजे, म्हणजे दर ४ सेकंदांना एक फ्रेम. कॅमेऱ्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे फिल्मच्या डब्यात, ५०० फ्रेमची फिल्म असेल तर अर्ध्या तासाहून थोडं अधिक आणि साडेचारशे किलोमीटरहून थोडं अधिक. तेवढ्यात संपलं.

शटरचंही असंच. पाव सेकंदाच्या साठाव्या-सत्तराव्या भागात, समजा १/२५० सेकंदात, विमान ९० सेंटिमीटर पुढे सरकतं. फिल्मवर हा ओघळ ०.०७ मिलिमीटरचा होतो. डोळ्याला नगण्य, पण दहापट मोठं करून बघणाऱ्याला तोफेची नळी आणि झाडाचा बुंधा यांत फरक न कळण्याइतका. उपाय दोन: शटर वेगवान करा, मग प्रकाश कमी पडतो, नाहीतर उघडझापीच्या त्या क्षणी फिल्मच विमानाच्या वेगाच्या प्रमाणात सरकवा, मग यंत्र नाजूक होतं. शिवाय फिल्म मागच्या पाटीला पोकळीच्या ओढीनं चिकटून सपाट राहावी लागते. ती ओढ सुटली की फ्रेमचा काही भाग सुरेख येतो आणि काही धूसर. हा दोष फार फसवा, कारण पहिल्या नजरेला तो ढगाची विरळ झालर वाटतो.

पण सगळ्यात घातक चूक उंचीत होते, आणि ती भारतीय स्क्वॉड्रनला इंग्रजी पाठ्यपुस्तकानं शिकवली नसती. वरच्या हिशेबातले १२,००० मीटर जमिनीपासूनचे. विमानातला उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. इंग्लंड-फ्रान्सवर दोन्हींत फारसा फरक नाही. पुण्यावरही फार नाही. शहर ५६० मीटरवर, सिंहगड १,३०० च्या आसपास. अक्साई चीनचं पठार मात्र जवळपास ५,००० मीटरवर आहे. १४,००० मीटरवर उडणारं विमान तिथे जमिनीपासून फक्त ९,१०० मीटरवर असतं. कॅमेरा ४ सेकंदांवरच लावलेला राहिला तर फ्रेममध्ये २.३३ ऐवजी १.७७ किलोमीटर येतात आणि ६० टक्क्यांचा चढाव ४७ वर घसरतो. निम्म्याच्या खाली गेलं की काही जागा एकाच फ्रेममध्ये येतात, त्यांची खोली दिसत नाही. ६,५०० मीटरच्या डोंगरधारेवर तर हा चढाव ३६ टक्के होतो. म्हणजे दऱ्या खोल दिसतात, मधल्या खिंडीत चित्र सपाट होतं. आणि सैन्य जातं ते खिंडीतूनच. तेव्हा कॅमेऱ्याच्या वेळेचा आकडा एकदा लावून चालत नाही, खालची जमीन बदलली की नॅव्हिगेटरनं तो बदलायचा. तोही ज्या प्रदेशाचे धड नकाशे नाहीत अशा प्रदेशावर, प्राणवायूचा मुखवटा लावून, पालथं पडून.

उंचीचं संरक्षणही पूर्ण नव्हतंच. १० एप्रिल १९५९, ईदचा दिवस. रावळपिंडीच्या परिसरात एका भारतीय पीआर-५७ च्या खाली पाकिस्तानी सेबर विमानं लागली. सेबरना तेवढी उंची गाठवत नव्हती. एकानं खालून मारलेल्या गोळ्या पोचल्या नाहीत. कॅनबेरानं वळण घेतलं आणि वळणात उंची गमावली, तेव्हा दुसऱ्यानं गाठलं. स्क्वॉड्रन लीडर सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट रामपाल बाहेर पडले, पकडले गेले, पुढे परतले. वळणातच का? कमाल उंचीवर हवा इतकी विरळ असते की वेग थोडा कमी झाला तर पंख उचल सोडतात आणि थोडा वाढला तर विमान थरथरू लागतं. मधली फट काही नॉटांची. वळताना पंखांना जास्त उचल लागते, ती त्या फटीत नसते. मग एकच मार्ग उरतो, खाली येणं. टेहळणीच्या वैमानिकाला म्हणूनच मागे लागलेल्याला हुलकावणी देण्यापेक्षा सरळ जाणं आणि आपल्या मागे पांढरी शेपूट उमटते का ते बघणं जास्त उपयोगी पडतं. शेपूट उमटली तर हजार-दोन हजार फुटांनी उंची बदलायची, कारण आकाशावर खडूनं रेघ मारत हेरगिरी होत नाही.

फिल्म उतरली की विमानाचं काम संपलं. इथून पुढे अंधारखोली, आणि माझ्या मते स्क्वॉड्रनची अर्धी किंमत तिथे ठरते. डेव्हलपर २० अंशांना चांगला चालतो. आग्र्याच्या किंवा पुण्याच्या एप्रिलमध्ये नळाचं पाणीच ३० च्या आसपास असतं. तेवढ्या उष्णतेत जिलेटिनचा थर फुगतो, हाताच्या ठशासरशी सुटतो, आणि एकदम थंड पाण्यात गेला तर त्यावर सापाच्या कातेसारखं जाळं पडतं. बर्फ लावून द्रावणं थंड करायची. तेही जमत नसेल तर डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून फुगणं आवरायचं आणि मधे क्रोम अॅलमच्या पाण्यात बुडवून थर कडक करायचा. तिन्ही भांड्यांतल्या तापमानांत एक-दोन अंशांहून जास्त फरक नको. धुण्याचं पाणी गाळलेलं हवं, नाहीतर वाळूचा एक कण शेकडो फूट फिल्मभर रेघ ओढतो. आणि हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, पूर्ण निघेपर्यंत धुवायचं. घाईत उरलेला हायपो आज दिसत नाही, काही वर्षांनी पिवळा डाग होऊन दिसतो.

त्यानंतर प्रत्येक फ्रेमच्या कडेला उड्डाण क्रमांक, फ्रेम क्रमांक, तारीख, लेन्स आणि उंची लिहायची, मग प्रत्येक फ्रेम नकाशावर जागच्या जागी रेखाटायची. कंटाळवाणं काम. ते चुकलं तर उत्तम चित्रालाही पत्ता राहत नाही.

चित्रं वाचण्याचे तीन टप्पे ब्रिटिशांच्या मेडमेनहॅम इथल्या युद्धकाळातल्या छायाचित्र-वाचन केंद्रातून आले. पहिला विमान उतरल्यापासून काही तासांत: काय हललं, काय नवं आलं. दुसरा दिवसभरात: आधीच्या फेऱ्यांशी ताडून. तिसरा सावकाश, एकेका विषयाचे जाणकार बसवून. पीनमुंडे या जर्मन क्षेपणास्त्र-चाचणी तळाच्या चित्रांत रुळावर बसलेलं छोटं, आखूड पंखांचं विमान, म्हणजे व्ही-१ हा उडता बॉम्ब, मेडमेनहॅमच्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना १९४३ मध्ये दिसलं ते या तिसऱ्या टप्प्याच्या सवयीमुळे. स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवणाऱ्या भिंगांच्या जोडीखाली, दोन फ्रेम ठेवताना सावली आपल्याकडे पडेल असा कागद फिरवायचा, नाहीतर मेंदू गडबडतो आणि पर्वतीची टेकडी खड्डा दिसू लागते. सावलीच्या लांबीला सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या टॅनजंटनं गुणलं की वस्तूची उंची मिळते. कोन ४५ असेल तर ३० मीटरच्या मनोऱ्याची सावली ३० मीटर. २१ मार्चला पुण्यात भर दुपारी ती १० मीटरच. मेच्या मध्यावर पुण्यात येणारा शून्य सावलीचा दिवस हौशी मंडळी काठ्या रोवून साजरा करतात. चित्र वाचणाऱ्याला मात्र ती दुपार अगदी निरुपयोगी.

खोली आणि बारकावा एकाच चित्रात का मिळत नाहीत, हेही इथेच उमगतं. ३६ इंची लेन्सनं १२ किलोमीटरवरून घेतलेल्या दोन फ्रेममधलं अंतर उंचीच्या आठ टक्केसुद्धा नाही, म्हणून डोंगर चपटे दिसतात. ६ इंचीत तेच अंतर उंचीच्या ६० टक्के असतं आणि डोंगर अंगावर येतात. ट्रक मोजायचे तर एक, तोफ कुठल्या उतारामागे लपेल ते बघायचं तर दुसरी.

या सगळ्याचा १०६ स्क्वॉड्रनचे वैमानिक जगमोहन नाथ यांच्याशी संबंध काय? त्यांनी १९६० ते १९६२ या काळात अक्साई चीन आणि तिबेटवर एकामागून एक फेऱ्या केल्या, आणि चिनी सैन्य कुठे, किती, कोणत्या रस्त्यानं येतंय याची चित्रं आणली. त्यासाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. १९६५ मध्ये पाकिस्तानवरच्या फेऱ्यांसाठी दुसरं. दोनदा महावीर चक्र मिळालेले मोजून सहा. त्यातले जनरल अरुणकुमार वैद्य आणि कॅनबेरावरचेच पद्मनाभ गौतम या दोघांचाही अंत पुण्यात झाला. म्हणून सहापैकी दोन नावं तरी पुणेकरांना ओळखीची असायला हरकत नाही. नाथांचं तिसरं. नंतर मुलाखतींतून ते सांगत राहिले की चीनकडे तिबेटात वापरण्याजोगं हवाई बळ नव्हतं आणि आपण आपलं वापरायला हवं होतं. १९६२ मध्ये आपल्या हवाई दलाची हल्ला करणारी विमानं जमिनीवरच राहिली. १९६२ वर लिहिताना 'माहितीच नव्हती' असं सरसकट म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. फ्रेम होत्या, चढाव बरोबर होता, सावल्या मोजलेल्या होत्या. कागद टेबलावर पोचल्यावर तो वाचायचा चौथा टप्पा कुठल्याच पुस्तकात नसतो.

त्यानंतर साधनं बदलली. १९८१ पासून बरेलीच्या १०२ स्क्वॉड्रनकडे मिग-२५ आली. ध्वनीच्या अडीचपटीहून जास्त वेगानं, वीस किलोमीटरच्या वरून जाणारी. ती १ मे २००६ ला निवृत्त झाली. २००१ मध्ये इस्रोचा टीईएस उपग्रह एका मीटरचा तपशील देऊ लागला.

तरी १९९९ मध्ये कारगिलला जुना कॅनबेराच आधी गेला. २१ मे ला पेरुमल आणि झा या जोडीचं विमान शिखरांच्या रांगेवर होतं. समुद्रसपाटीपासून भरपूर उंच, डोंगरमाथ्यापासून फारच थोडं; तोच अक्साई चीनचा हिशेब, फक्त या वेळी खालच्या माथ्यावर माणूस खांद्यावर क्षेपणास्त्र घेऊन बसला होता. अशी क्षेपणास्त्रं थोड्याच उंचीपर्यंत पोचतात, पण ती उंची मोजायची डागणाऱ्याच्या पायापासून. उजवं इंजिन गेलं. एका इंजिनावर त्यांनी विमान श्रीनगरला उतरवलं. त्या फेरीतली चित्रं कशी आली असतील ती असोत, इंजिनातलं ते भगदाड हीसुद्धा टेहळणीच होती: वर शत्रूकडे काय आहे ते त्यानं सांगितलं. पाच दिवसांनी हवाई हल्ले सुरू झाले आणि २८ मे ला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खालून आलेल्या क्षेपणास्त्रानंच पडलं.

भारतीय कॅनबेरा ११ मे २००७ ला आग्र्यात निवृत्त झाले. त्यांच्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच हवाई फिल्मचा पाया सेल्युलोज अॅसिटेटचा असे. तो उष्णता आणि दमटपणा यांनी सडतो, आणि सडताना अॅसेटिक आम्ल सोडतो. आधी डब्यातून शिर्क्याचा वास येतो, मग फिल्म आकसते, कडा लाटांसारख्या होतात, शेवटी चित्राचा थर पायापासून सुटतो. सुटलेलं आम्ल शेजारच्या चांगल्या रिळालाही लागतं, म्हणून वास येणारा डबा आधी वेगळा काढायचा आणि हवेशीर ठेवायचा. बंद पत्र्याच्या डब्यात वाफ कोंडते आणि सडणं वाढतं. मग उरलेली रिळं थंड आणि कोरड्या खोलीत हलवायची आणि वास आलेल्यांचं स्कॅनिंग सगळ्यात आधी करायचं, कारण निगेटिव्ह जसजशी आकसत जाते तसतशी ती काचेखाली सपाट बसेनाशी होते.